बाबांच्या कोटाचं माप

विलायतेत शिकायला होतो तेव्हा मी एकच कोट शिवून घेतला, आणि तोही माझा नव्हे, बाबांचा. बाबा इकडे दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात, शिंपी तिकडे. त्या कोटाने माझं डोकं जेवढं फिरवलं तेवढं परीक्षेनेही फिरवलं नाही.

मागणं बाबांचंच होतं. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा अंगात नवा पांढरा सदरा होता, बाह्या बोटांवर उतरलेल्या. दीक्षेबद्दल ते थोडंच बोलले. मग तिथे भेटलेल्या एका कार्यकर्त्याच्या कोटाबद्दल मात्र बराच वेळ बोलत राहिले.

"कपडा अंगावर कसा बसते, हे त्या दिवशी पाह्यलं म्या," म्हणाले.

पुढे शिष्यवृत्ती मिळून मी निघालो, तेव्हा एवढंच म्हणाले, "बाबू, मले काही आणू नको. एक कोट आण. पण अंगावर बसला पाह्यजे."

त्यांच्या अंगावर कधी काही बसलंच नव्हतं. दारव्ह्याच्या बाजारातला शिंपी आमच्या लोकांना टेप लावत नसे. शिवून द्यायला त्याची ना नव्हती, फक्त हात लावायचा नाही. ओट्याखाली उभं करायचा, एकदा वरून खाली पाहायचा आणि कापडाला कात्री लावायचा. तेही ढगळ मापानेच. एकदा बाबांनी भीत भीत विचारलं तर म्हणाला, "घट्ट झालं तं वापस आणशीन. ढिलं झालं तं घालशीन." आम्ही धर्म बदलला, त्याची नजर काही बदलली नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी शहाण्याने घरी लिहिलं, माप घेऊन पाठवा.

महिन्याभराने पाकिटातून एक लांब दोरा आला. मायने त्यात गाठी मारल्या होत्या. पहिल्या गाठीपर्यंत खांदे, दुसरीपर्यंत बाही, तिसरीपर्यंत छाती, शेवटपर्यंत उंची. बाबा चौथी शिकलेले, त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या शिंप्याने तो दोरा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

त्याचे प्रश्न संपेचनात. वडील ताठ चालतात की वाकून? कोणता खांदा खाली आहे? कोट अर्धा शिवून झाला की अंगावर घालून बघायचा असतो, तेव्हा त्यांना कधी घेऊन येता? आता यवतमाळ जिल्ह्यातला माणूस मी कुठून आणू, कपाळ माझं! खांद्याचं मी घरी विचारलं. बाबांच्या अक्षरात मायचं उत्तर आलं, "तुह्या बापाचे दोन्ही खांदे जागच्या जागी हायेत. तू अभ्यास कर."

शेवटी शिंप्याने दोरा पट्टीवर ताणून छाती मोजली. बेचाळीस इंच. वडील चांगले धिप्पाड आहेत का, असं त्याने विचारलं. मी डोळ्यांसमोर बाबांना आणलं, बैलांमागे चालणारे, वाऱ्याने सदरा फुगलेले. "हो, धिप्पाड आहेत," मी म्हणालो. बावीस वर्षं एका घरात राहून मी हे सांगितलं. अंग मोजलंय असं समजून त्याने रीतीप्रमाणे वर थोडी सैल जागा सोडली.

कोट बोटीने गेला. बाबांचं पत्र आलं, "कोट मिळाला. बरोबर बसला." मी वर्षभर खुशीत होतो.

परतलो तेव्हा उन्हाळा होता. दारव्ह्याच्या मोटार स्टँडवर भर दुपारी बाबा तो लोकरीचा कोट घालून उभे होते. खांदे दंडावर घसरलेले, हातांची फक्त नखं दिसत होती. मला रडू आलं आणि संतापही आला. घरी पोचेपर्यंत मी त्या विलायती म्हाताऱ्याला शिव्या घालत होतो. मग मायला विचारलं, माप घेतलं तरी कसं?

"कसं म्हंजे? खाटेवर तुह्या बापाचा नवा सदरा पसरला, न् दोरा लावला, छातीले दुहेरी," माय म्हणाली. "माप कपड्याचंच रायते ना?"

दारव्ह्याच्या त्या शिंप्याची नजर दोऱ्याला बांधून आम्हीच विलायतेला पाठवली होती.

"पत्रात खरं काहून नाही लिहिलं?" मी बाबांना विचारलं.

"तू तिकडं एकटा. कायले जीव जाळाचा तुहा?"

माझ्या पेटीत टेप होता. मी तो काढून बाबांच्या छातीभोवती हात नेले, तर ते दचकून एक पाऊल मागे सरले. स्वतःच्या मुलापासून. मी टेप धरून तसाच उभा राहिलो. मग ते पुढे आले. टेपची दोन टोकं फारच लवकर जुळली.

"किती?"

"बत्तीस."

त्यांनी टेपकडे पाहिलं, मग खाटेवर काढून ठेवलेल्या कोटाकडे. "येवढाच हावो का मी?" म्हणाले. इतकी वर्षं मीही त्यांचा सदराच पाहत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी कोट घेऊन आम्ही यवतमाळला गेलो. तिथे एक शिंपी सगळ्यांना टेप लावतो असं कळलं होतं. कोट उसवून पुन्हा शिवावा लागेल, असं तो म्हणाला आणि टेप घ्यायला वळला.

"छाती बत्तीस," बाबा त्याच्या पाठीला म्हणाले.

"तरी बी घ्यावं लागन, काका."

"घ्या ना," बाबा म्हणाले, आणि त्याने सांगायच्या आधीच दोन्ही हात वर करून उभे राहिले.