तिला नाचायचं नव्हतं

मस्कतला आले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनदुरुस्तीचं काम बघायचा आणि आठवडाभर तिकडेच राहायचा. मी लेकीला घेऊन मस्कतच्या अझैबा भागात, कारण तिची इंडियन शाळा इकडून जवळ पडायची. बुधवारी संध्याकाळी तो यायचा, गुरुवार-शुक्रवारची सुट्टी झाली की शनिवारी पहाटे परत.

मी रायगडच्या किनाऱ्यावरची, कोकणी मुसलमानाच्या घरातली. बी.पी.एड. केलेलं. लग्नाआधी तालुक्याच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायचे. मस्कतमध्ये मात्र काही वर्षं नुसती घरात होते. मग शेजारणीकडून कळलं की एका खासगी विद्यापीठात मुलींच्या व्यायामशाळेसाठी बाई हवी आहे. गेले, भेटले, नोकरी लागली. काम सोपं होतं. हॉल उघडायचा, बॅडमिंटनचं जाळं बांधायचं, कोणी पाय मुरगाळून घेतला तर बर्फ लावायचा.

पुढे एका सत्राच्या सुरुवातीला ती आली. कॅरिबियन बेटावर जन्मलेली, लंडनला शिकलेली, माझ्याहून थोडी मोठी, उंच, केस बारीक कापलेले. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी समुद्रापलीकडे जे नाच जिवंत ठेवले, आणि त्यांची पतवंडं आज त्यातून जे नवं घडवतात, ते शिकवायला तिला बोलावलं होतं. विद्यापीठाच्या पुस्तिकेत मात्र ‘नाच’ हा शब्द कुठेच नव्हता. विषयाचं नाव होतं ‘हालचाल आणि संस्कृती’. ते वाचून ती खदखदून हसली होती.

वर्ग माझ्याच हॉलमध्ये भरायचा. खिडक्यांच्या काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला. मुली आल्या की अंगावरच्या काळ्या, पायघोळ अबाया खुंट्यांवर टांगायच्या, चपला दाराशी काढायच्या आणि अनवाणी पायांनी लाकडी जमिनीवर उभ्या राहायच्या. मी कोपऱ्यात किल्ल्या घेऊन बसलेली.

एक दिवस तिचा सीडी प्लेयर बंद पडला. मुली ताटकळल्या. तिने उघड्या हातांनी टाळ्या देऊन बघितल्या, पण ताल धरायचा की शिकवायचं? माझ्या शेजारी वॉटर कूलरची रिकामी मोठी बाटली होती. मी ती मांडीवर आडवी घेतली आणि आमच्याकडे लग्नात बायका हळदीला डफावर जो ठेका धरतात तो वाजवायला लागले. का वाजवला, सांगता येणार नाही. हात शिवशिवले एवढंच. तिने वळून बघितलं. मी थांबले.

“थांबू नकोस,” ती म्हणाली. “जरा हळू कर. आता मधे एक जागा रिकामी सोड.”

तास संपल्यावर मुली अबाया चढवून गेल्या आणि ती माझ्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली. “उद्यापासून तू किल्ल्या सांभाळणारी नाहीस. माझा ढोल तू वाजवायचास.”

पुढच्या सुट्टीत नवरा मला निझव्याला घेऊन गेला आणि तिथल्या बाजारातून बकरीच्या कातड्याचा ढोल घेऊन दिला. गाडीत ठेवताना म्हणाला, “अगो, तू गेलीस खेळाची बाई म्हणून, आता ही ढोलवाली झालीस काय?” मी म्हटलं, गावी सांगू नका. त्याने कधी सांगितलं नाही. सासूच्या लेखी मी शेवटपर्यंत खेळाची बाईच राहिले.

वाजवता वाजवता ती मला नाचही शिकवायला लागली. तास संपल्यावर आम्ही दोघीच हॉलमध्ये. पहिली गोष्ट म्हणजे गुडघे सैल आणि वजन खाली. खो-खोला पाटीवर वाकून बसायची सवय असल्यामुळे ते मला लवकर जमलं. छाती वेगळी आणि कंबर वेगळी हलवणं काही केल्या जमेना. पायांनी एक ताल धरायचा आणि खांद्यांनी दुसरा, हे तर कित्येक आठवडे मला अशक्यच वाटलं. मग एकदा कपडे वाळत घालताना ते आपोआप झालं. मी गच्चीवर एकटीच हसले.

मुलींना शिकवताना मी बाजूने मदत करायला लागले. त्या मुलींना लहानपणापासून ताठ, हळू, सांभाळून चालायला शिकवलेलं. गुडघे वाकवा म्हटलं की त्या खुर्चीवर बसल्यासारख्या करायच्या. आमच्याकडे भात लावताना वाकतात तसं, असं सांगून उपयोग नव्हता. भाताचं शेत त्यांनी कुठे बघितलेलं? मग मी सांगितलं, जूनमधल्या दुपारी समुद्रावर अनवाणी चालता तशा चाला. वाळू भाजते, पण पाऊल तर ठेवायचंच आहे. सगळ्या एकदम हसल्या आणि सगळ्यांचे गुडघे एकदम सुटले. मी ओरडले, “यल्ला, तसंच! आता थांबू नका!”

दुसऱ्या सत्राच्या वर्गात एक मुलगी नाचायची नाही.

ती रोज यायची, वेळेवर यायची, अबाया अंगावर ठेवूनच भिंतीजवळच्या बाकावर बसायची. सावळी, शांत, हिशेबशास्त्राची हुशार विद्यार्थिनी. आधी म्हणाली पाय दुखतोय. मग म्हणाली बरं वाटत नाही. शेवटी एक दिवस सीडी लावलेली असताना मीच तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, काय झालं?

तिने आजूबाजूला बघून घेतलं. “मिस, हे सगळं मला येतं. आमच्या किनाऱ्यावरच्या लग्नांत हेच असतं. माझी आई एका बायकांच्या गटात आहे. लोक त्यांना पैसे देऊन लग्नाला बोलावतात. ढोल, गाणं, नाच.” तिने समोर नाचणाऱ्या मुलींकडे मानेने दाखवलं. “हिच्या बहिणीच्या लग्नात माझी आई नाचली होती. त्या पलीकडच्या मुलीच्याही घरी. आता त्या हे मार्कांसाठी शिकतात, आणि मी त्यांच्या रांगेत उभी राहून नाचू? मी इथे आले ते हे करावं लागू नये म्हणून.”

मी उठले नाही. तिच्याबरोबर तास संपेपर्यंत बाकावरच बसले.

संध्याकाळी हे मी माझ्या कॅरिबियन मैत्रिणीला सांगितलं. (एव्हाना ती मैत्रीणच झाली होती.) तिचे डोळे चमकले. “आई या नाचाच्या परंपरेतली आहे? अगं, तिला बोलावू! एक तास तिचा. मुलींना कळू दे की हे फक्त माझ्या बेटावर नाही, इथे त्यांच्या किनाऱ्यावर आहे.”

“नको,” मी म्हटलं.

“का नको? त्या मुलीला अभिमान वाटेल.”

“नाही वाटणार. तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल.”

ती चिडली. तिची आजी नाचायची तेव्हा गोऱ्या मालकांची पोरं तिला कशी हसली होती, आणि तोच नाच घेऊन ती स्वतः लंडनच्या रंगमंचावर कशी उभी राहिली, हे तिने मला सांगितलं. खरंच होतं ते. मी तिला माझ्या खालाची, म्हणजे मावशीची गोष्ट सांगितली. माझी धाकटी खाला लग्नाघरी डफ घेऊन गाणी म्हणायची. आवाज असा की पुरुषांच्या मांडवातही गप्पा थांबायच्या. तिच्या मुलीसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा ‘गाणाऱ्या बाईची पोर’ म्हणून बघायला आलेली माणसं चहा न घेता उठून गेली. त्यानंतर खालाने डफ माळ्यावर टाकला.

“तू बाहेर पडलीस, मोठी झालीस आणि मग मागे वळून हे हातात घेतलंस,” मी तिला म्हटलं. “ही पोरगी अजून दारातच आहे. तिला आधी बाहेर पडू दे.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “तू हे इतकं ठामपणे बोलशील असं वाटलं नव्हतं.” आईला बोलवायचा विषय तिथे संपला.

महिनाभरात तिच्या बेटावरून फोन आला. तिची आई अंथरुणाला खिळली होती. थोड्या दिवसांत येते म्हणून ती गेली आणि परत आलीच नाही. आई फार दिवस तशीच होती आणि दुसरं कोणी बघणारं नव्हतं. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, नवीन कोणी मिळेपर्यंत तुम्ही चालवा, इन्शाल्ला लवकर मिळेल.

पहिल्या दिवशी एकटी हॉलमध्ये उभी राहिले. वाजवू की नाचून दाखवू? एका वेळी एकच करता येत होतं. मी ढोल गळ्यात अडकवला आणि वाजवत वाजवतच पावलं टाकायला लागले. मुली मागोमाग आल्या. पहिला फेरा गडबडला, दुसरा बरा झाला. तासाच्या शेवटी सगळ्या रिंगणात उभ्या राहिल्या आणि मैत्रिणीने लावलेल्या सवयीप्रमाणे त्यांनी आधी जमिनीला, मग ढोलाला हात लावला. त्या दिवशी घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, “मम्मी, तू डान्स टीच केलास? अलोन? सगळी पीपल हसली नाही?” नाही हसली, मी म्हटलं.

सत्राच्या मध्यावर गुण घरी कळवले जायचे. बाकावर बसणाऱ्या मुलीच्या माझ्या विषयातल्या रकान्यात काहीच नव्हतं. आणि एका सकाळी तिची आई हॉलच्या दारात उभी राहिली. सोहारकडच्या बातिना किनाऱ्यावरून मुलाच्या पिकअपमध्ये बसून आली होती. रुंद हाडाची बाई, ठसठशीत रंगाचा ओढणीवजा शेला, हातावर मेंदी. तास चालू होता. मुलगी त्या वेळी दुसऱ्या इमारतीत परीक्षेला बसली होती. मी आईला बाकावर बसवलं, पाणी दिलं. ती मुलींचा नाच बघत राहिली. तोंडावर काही दिसेना.

तास संपल्यावर ती हिंदीत बोलायला लागली. सिनेमे बघून किनाऱ्यावर पुष्कळांना हिंदी येतं. “उस्ताझा, टीचर, मेरी बेटी का मार्क किधर है? बाकी सब में अच्छा है. इधर कुछ नहीं.”

मी जमेल तसं सांगितलं की ती हा विषय करत नाही, नाच करायला तिला आवडत नाही.

“नाच?” तिला आधी कळलंच नाही. तिने रिकाम्या जमिनीकडे बोट दाखवलं. “इसमें? इसमें मेरी बेटी फेल?”

आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही हसू आवरेना. शेल्याच्या टोकाने डोळे पुसून झाल्यावर मात्र तिचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“पोरीने बरोबर केलं,” ती म्हणाली. पुढचंही ती हिंदीतच, हळू, शब्द शोधत बोलली. “मी उन्हातान्हात, दुसऱ्यांच्या मांडवांत नाचले ते तिची फी भरायला. मला आवडतं, खोटं नाही बोलणार. पण तिला नाही आवडत, तर नको. तिला दुसरा काही विषय द्या. कागदावर लिहायचा. इकडे नापास होऊन तिचं वर्ष गेलं तर मी काय करू?”

मी म्हटलं, बघते.

दारापर्यंत तिला सोडायला गेले. मुलींबद्दल, माझ्या वाजवण्याबद्दल ती काही बोलेल असं मला उगाच वाटत होतं. तिने फक्त माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

विभागप्रमुखांकडे मी त्याच दुपारी गेले. सत्र अर्धं झालंय, विषय बदलता येत नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, सर, शिकवणारी बाईच अर्ध्यात बदलली, मग विद्यार्थिनीला विषय का बदलता येऊ नये? ते थोडे चपापले, मग हसले. दोन-चार फेऱ्या मारायला लागल्या, पण तिला आरोग्यशास्त्राच्या वर्गात टाकलं गेलं. ती मला सांगायला आली. “खलास, मिस. आता बाकावर बसायला येणार नाही.” आणि मग जरा लाजून, “आई म्हणाली, ढोलावर त्या हिंदी बाईचा हात चांगला आहे.”

नवीन शिक्षिका कधी मिळालीच नाही. तो विषय माझ्याकडेच राहिला. कॅरिबियन मैत्रीण अधूनमधून पार्सलने व्हिडिओ कॅसेट पाठवायची, मी बघून बघून शिकायचे आणि मग शिकवायचे. हळूहळू माझं थोडं माझंही त्यात मिसळलं.

ती मुलगी पास झाली आणि सोहारच्या वसाहतीतच एका कंपनीच्या हिशेब विभागात लागली. काही वर्षांनी तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं, माझ्या नवऱ्याच्या हाती, त्याच्या कारखान्यात नेऊन दिलेलं. मी गेले. बायकांच्या तंबूत तिची आई नवरीची आई म्हणून पुढच्या खुर्चीवर बसली होती, हिरव्या जरीच्या पोशाखात. गाणारा गट दुसऱ्या गावचा बोलावला होता. ढोल सुरू झाला तशी ती खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळायला लागली. नवरीने वरून, मंचावरून आईकडे बघितलं आणि मान हलवली. जा, म्हणाली. आई उठली आणि रिंगणात गेली. स्वतःच्या लेकीच्या लग्नात, कोणी पैसे दिलेले नसताना. मी तिला पहिल्यांदाच नाचताना बघत होते. नवरी मंचावर बसून टाळ्या वाजवत होती, ओठांवर गाणं.

जेवताना आई माझ्याशेजारी येऊन टेकली, घामाघूम. धाकट्या मुलीला हाक मारून पुढे ढकललं. “ये छोटी अगले साल तुम्हारे कॉलेज में आती. ये अपने आप बोलती है, नाच लेना है. इसको रखो.”

धाकटी सप्टेंबरमध्ये खरोखरच आली. मला वाटलं होतं, आईचं रक्त, बघत राहावं असं काहीतरी दिसेल. कसलं काय. ताल तिला धरताच यायचा नाही. सगळ्या डावीकडे गेल्या की ही उजवीकडे. हा विषय सोपा आहे असं मैत्रिणींकडून ऐकून घेतला होता, हे तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं. पण तिने एकही तास चुकवला नाही. अबाया फेकल्यासारखी खुंटीवर टाकायची आणि पळत रिंगणात घुसायची. एकदा मी तिला म्हटलं, अगं, जरा ऐक तरी ढोल काय म्हणतोय.

“ऐकते, मिस,” ती धापा टाकत म्हणाली, “पण मला थांबावंसंच वाटत नाही.”

मी ढोलाचा वेग तिच्या पायांप्रमाणे थोडा बदलला आणि वाजवत राहिले.