पुरीची गाडी आणि सात बॅगा

लोक फिरून आले की तिकडचे किस्से सांगतात. आमच्या घरचे किस्से निघायच्या आधीच इतके साचतात, की पुरीला काय पाहिलं असं कुणी विचारलं तर मी आधी आठ दिवसांच्या पॅकिंगवरच घसरते!

हसू नका. मागच्या वर्षी याच पॅकिंगपायी रायपूर स्टेशनावर आमची गाडी डोळ्यांदेखत सुटली. आमची ओवी तेव्हा सहा वर्षांची. प्लॅटफॉर्मवर अशी रडली, की मलाही आवरेना. तेव्हाच ठरवलं, या वर्षी काहीही होवो, गाडी पकडायची म्हणजे पकडायची.

*

माझा नवरा प्रशांत रायपूरजवळ सिलतऱ्याला एका स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये आहे. त्यानं घरातही स्टोअर उघडलं! बॅगांना नंबर, एक्सेलमध्ये यादी, आणि भरलेली बॅग उघडायची तर रजिस्टरमध्ये सही. आमचा धाकटा, चार वर्षांचा ईशान आंघोळ करून आला, तर त्याचे सगळे कपडे तीन नंबरच्या बॅगेत.

"आधी एंट्री कर," प्रशांत म्हणाला.

"अरे, पोट्टा नागडा उभा आहे!"

"मग रिमार्कमध्ये अर्जंट लिही."

मी रजिस्टर उचललं आणि सोफ्याखाली भिरकावलं.

*

ईशानचं वेगळंच. मी एक कपडा ठेवला की हा दोन काढणार. त्यात टीव्हीचा रिमोट गायब! सासूबाईंची मालिका दोन दिवस बुडाली, त्यामुळे घरात कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी रिमोट सापडला पाच नंबरच्या बॅगेत, मोज्याच्या आत.

"काहून ठेवला रे इथं?" मी ओरडले.

"फिर होटल का टीवी कैसे चलेगा?"

उत्तर हिंदीतच! मराठी बोलून बोलून माझा घसा बसला, पण हे पोट्टे ऐकतात मराठीत आणि बोलतात हिंदीत.

*

"मुलांची बॅग मुलांनाच भरू द्या, जबाबदारी येते," असं ऑफिसातल्या एका बाईंनी मला सांगितलं. त्यांना मुलं नाहीत, हे मला नंतर कळलं. ओवीनं दार लावून तासभर बॅग भरली. उघडून पाहते तर नऊ फ्रॉक, तीन हेअरबँड आणि दोन गॉगल.

"आणि चड्ड्या गं?"

"मम्मी, वो फोटो में थोड़ी दिखती है!"

*

सासूबाई यवतमाळकडच्या. चिवडा, तिळाची चटणी, दशम्या, इथवर मी समजू शकते. पण त्यांनी तांदूळ, डाळ आणि छोटा कुकरही काढून ठेवला!

"आई, पुरीले भात मिळते हो!"

"मिळते वो. पण माह्या पोट्ट्याच्या पोटाले चालीन का?"

पोट्टा म्हणजे प्रशांत. वय एक्केचाळीस. प्लांटच्या कँटीनमधलं काहीही त्याला पचतं.

*

तर निघायचा दिवस. प्रशांतनं मला गाडी सव्वाचारची सांगितली होती. मागच्या वर्षीचा धसका, म्हणून मी सासूबाईंना सव्वातीनची सांगितली. त्यांनी पावणेदोनलाच ऑटो दारात उभा केला आणि पोरांना बूटही चढवले. मी गप्प. बोलले असते तर माझंच बिंग फुटलं असतं. प्रशांतही गप्प होता, याचं मला नवल वाटलं, पण तेव्हा विचारायला वेळ कुठे होता!

सव्वादोनला सातही बॅगा प्लॅटफॉर्मवर. आणि बोर्डावर पाहते तर गाडी सव्वापाचची!

"हव, मी एक तास मार्जिन ठेवलं होतं," प्रशांत पुटपुटला.

"मीपण," मी म्हणाले.

सासूबाई भडकल्या. "म्हंजे दोघंही मले येडी बनवून राहिले! आता तीन तास काय करू मी इथं?"

मी सगळ्यांना दम दिला, गाडी येईपर्यंत कुणी बॅगेच्या चेनला हात लावायचा नाही. पण तासाभरात ईशाननं अंगावर ज्यूस सांडला आणि पहिली बॅग मलाच उघडावी लागली. सासूबाईंनी आत डोकावलं.

"असे भरते का कपडे? नीट लावले तर सातचं सामान पाचात मावते!"

झालं! चादर अंथरली. प्रशांतलाही चेव आला, तो नंबर बदलायला बसला. मी आधी चिडले आणि मग मीसुद्धा घड्या घालायला लागले. पाच वाजून गेले तेव्हा आमचं निम्मं घर प्लॅटफॉर्मवर पसरलेलं होतं, आणि समोर गाडी येऊन उभी राहिली!

मग काय विचारता! ज्या बॅगा बंद झाल्या त्या झाल्या. उरलेल्याचं सासूबाईंनी चादरीत गाठोडं बांधलं. प्रशांतच्या दोन्ही खांद्यांवर टॉवेल, माझ्या हातांवर पोरांचे टी-शर्ट गळ्यापर्यंत. पोरांना आत ढकललं, आम्ही चढलो आणि गाडी हलली.

पकडली बाई एकदाची! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डब्यातून वाट काढत आम्ही आमच्या बर्थकडे निघालो, तोच खिडकीपाशी बसलेल्या एका बाईनं मला थांबवलं. माझ्या हातावरचा वरचा टी-शर्ट ओढला, कापड बोटांत चोळून पाहिलं.

"दीदी, ये कितने का? दो लेंगे तो कम करोगी ना?"