एक पन्हा, दीड वीत

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट त्यानं माझा घेतला होता.

मी सोलापूरचा, शुक्रवार पेठेतला. एकोणतीस वर्षं चादरी आणि टॉवेल विकतोय, एकाच दुकानात. घरी मी एकटा. एकटा म्हणजे लग्न झालेला एकटा! आमची सुनंदा वेळापूरजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका. नऊ वर्षं झाली. तिकडे तिची खोली आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एस्टीनं येते आणि रविवारी चारला पिशवी भरायला घेते.

ती पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला ना, की मला अजून गलबलून येतं. बावन्न वर्षांचा घोडा मी, पण येतं. सगळ्यात वाईट बुधवार. मागचा शनिवार विसरलेला असतो आणि पुढचा दिसत नसतो. दोन भाकरी, शेंगाचटणी, समोर टीव्ही. टीव्हीतली माणसंसुद्धा एकमेकांशी बोलत असतात हो!

आणि अशाच एका बुधवारी माझ्या डोक्यात गाडी शिरली.

साधी गाडी नव्हे. टर्बो पेट्रोलवाली, सव्वादोनशे हॉर्सपॉवरची एसयूव्ही. पुण्याला एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसलो होतो एकदा. त्यानं पाय दाबला आणि माझी पाठ सीटला जी चिकटली ती टोलनाक्याला सुटली. तेव्हापासून त्या इंजिनाचा आवाज माझ्या कानात होता. हिशेब सोपा केला मी. वेळापूर शंभर किलोमीटर. अशी गाडी असली तर दीड तास! सकाळी बायकोला शाळेत सोडायचं, संध्याकाळी आणायचं, रोज. नऊ वर्षांनी रोज संध्याकाळी घरात बायको! दुकान कधी उघडायचं, झोपायचं कधी, हे प्रश्न तुम्हाला पडले. मला नाही पडले.

नवी परवडणार नव्हती. सेकंडहँड एक नातेपुत्याला निघाली. आमच्या मेकॅनिक रफिकभाईला बरोबर घेतलं. निघायच्या आधी त्यानं एकच प्रश्न विचारला. "मल्लूभाई, ये गाडी तुमारे गल्ली में घुसेगी क्या? पैले टेप लेके नापो."

टेप? मला? अहो, चादर बघून पन्हा सांगणारा माणूस मी! पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि आमच्या चादरीचा पन्हा म्हणजे पाच फूट, डोळे झाकून. शेजारच्यांनी कपाट घेतलं तरी मी ते चादरीत मोजतो. मी आत गेलो, अंथरुणावरची चादर ओढली आणि आमचा बोळ मोजला. सगळ्यात अरुंद जागा म्हणजे विजेचा खांब आणि समोर शेजारच्या म्हाताऱ्या इरक्काचा दगडी ओटा. तिथं भरला एक पन्हा, दोन वीत.

नातेपुत्याला गाडी बघितली आणि मी माझा राहिलोच नाही. काळी, रुंद, बसकी. खांदे पाडून उभ्या पैलवानासारखी. मालक तरुण बागायतदार. विकायचं कारण विचारलं तर म्हणाला, "आमचं आण्णा बसत न्हाईत हो हिच्यात. म्हंत्यात, दाबली की काळीज मागं ऱ्हातंय."

आम्ही सोलापूरकर कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाही. मालकासाठी कोरी करकरीत चादर नेली होती. म्हटलं, आयतंच माप हातात आहे! घडी मोडली आणि गाडीच्या तोंडावरनं आडवी धरली.

मालक बघतच राहिला. "आवो पावणं, गाडीचा सत्कार करताय व्हय? चादर मला आणली न्हवं?"

"तुम्हालाच आहे. जरा मोजून घेतो आणि देतो."

"चादर मोजताय का गाडी?"

गाडी भरली एक पन्हा, दीड वीत. म्हणजे बोळात अर्धी वीत शिल्लक! रफिकभाई कपाळाला हात लावून बसला होता. मी म्हटलं, एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे, भाई.

मग तीन आठवडे गाडी रफिकच्या गॅरेजमध्ये. टर्बोचा एक रबरी पाइप चिरला होता, तो बदलला. ब्रेक नवे. पुढच्या चाकाचे बुश गेले होते, खड्ड्यात खुळखुळ्यासारखी वाजायची. मी रोज दुकान बंद करून तिथं जाऊन बसायचो. नुसता बसायचो. रफिकनं पहिल्यांदा इंजिन मनासारखं चालू करून दाखवलं तेव्हा मी बाहेर येऊन सुनंदाला फोन लावला आणि फोन बोनेटपाशी धरला.

"ऐकू येतंय का?"

"येतंय की. गिरणीत आलाय काय ओ?"

"गाडी आहे! आपली! रोज तुला न्यायला येणार मी."

मग म्हणाली, "रोज?" एवढंच. पण ते 'रोज' तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजावर मी अजून एक गाडी घेतली असती.

सीटला मी दुकानातून चादरीचं कापड आणून कव्हरं शिवून घेतली. मोराची नक्षी. रफिक म्हणाला, "अंदर बैठे तो नींद आती मियां, चलाना नक्को होता."

दिवस ठरला. अर्थातच बुधवार! तिची शाळा सुटायची पाचला, मी तीनला निघणार. पण आमच्याकडे पद्धत आहे, गाडी पहिल्यांदा दारात आणायची, बोळातल्या वडीलधाऱ्या बाईनं ओवाळायचं, चाकाखाली लिंबू चिरडायचं, मगच गाडी गावाबाहेर. आमच्या बोळात वडीलधारी म्हणजे इरक्का. ऐंशीला आली आहे, पण आवाज पोलिसाचा. दीड वाजताच तबक घेऊन माझ्या दारात उभी.

आरसे मिटले आणि बोळात शिरलो. दोन्ही बाजूंना लोक ओट्यांवर चढलेले. खिडकीतून पोरं. अहो, काय थाट! ओट्यापर्यंत लोण्यासारखी आली. तिथं मात्र जरा घासल्यासारखं झालं.

इरक्का ओरडली, "थांब रे मल्ल्या!"

मी कशाला थांबतोय? अर्धी वीत आहे ना शिल्लक! हलकेच पाय दाबला. काही झालं नाही. अजून दाबला. तरी काही नाही. आता टर्बो गाडीचा स्वभाव तुम्हाला सांगतो. आधी ती विचार करते. करते, करते आणि मग सगळं एकदम देते! मी तिसऱ्यांदा दाबला आणि सव्वादोनशे घोडे एकाच वेळी शुक्रवार पेठेत उधळले. 'खर्रर्र' आवाज झाला आणि गाडी खांब आणि ओट्याच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखी बसली. पुढे नाही, मागे नाही. दार उघडेना, ना हे ना ते.

इरक्का तबक खाली ठेवून काचेपाशी वाकली. "येनो इदु? काय हे? मोजला न्हवता काय तू?"

"मोजला होता! चादरीनं!"

"कुठल्या चादरीनं?"

"अंथरुणावरच्या."

"अय्यय्यो! मल्ल्या, ती लग्नातली न्हवं? सतराशेसाठ वेळा धुतलेली? आटली न्हाय का ती?"

आणि मग बोळात जे हसू फुटलं...

आता बघा. एकोणतीस वर्षं मी दिवसातून वीस वेळा प्रत्येक गिऱ्हाइकाला काय सांगतो? 'साहेब, कॉटन आहे, धुतल्यावर चार बोटं आटणार, नंतर तक्रार करायची नाही.' झोपेतसुद्धा म्हणतो, सुनंदाला विचारा. बोळ मोजला आटलेल्या चादरीनं, गाडी मोजली कोऱ्या चादरीनं! शिल्लक अर्धी वीत होती ती धुण्यात गेली होती.

रफिकला फोन केला तर तो अक्कलकोटला. "हौ, आता मैं. शाम होती पन." म्हणजे येतो, पण संध्याकाळ होणार. मागच्या डिकीतून बाहेर पडावं म्हटलं, तर सीटवरून वळताना पोट स्टिअरिंगला अडकलं. म्हणजे बोळात गाडी अडकलेली आणि गाडीत मी. गपचूप बसलो. ज्यांच्या मोटरसायकली आत अडकल्या होत्या ते बोनेटसमोर येऊन बोलत होते. काचा मी वर करून घेतल्या होत्या, त्यामुळे काय ते ऐकू आलं नाही, पण हातवारे समजले.

पाचला सुनंदाचा फोन. "कुठं आलात?"

"गाडीतच आहे." खोटं नाही ना?

"मग या की. गेटपाशी उभी हाय मी. बाकीच्या बायकांना सांगितलंय, आमचे येणारेत म्हणून. थांबल्यात सगळ्या, गाडी बघायला."

काय सांगू तिला? "जरा अडकलोय."

"ट्रॅफिकात?"

"तसंच."

"कुठं?"

"... शुक्रवार पेठेत."

तिकडून फोन बंद. नंतर कळलं, त्याच वेळी बोळातल्या कुणीतरी माझा व्हिडिओ तिला पाठवला होता. गेटपाशी सात शिक्षिकांनी मिळून बघितला तो.

वाटलं, आता शनिवारीसुद्धा येणार नाही ही.

आठच्या सुमाराला रफिक आला आणि साबणाचं पाणी, पहार वगैरे जमवायला लागला. तेवढ्यात पाठीमागून डिकीवर टकटक. आरशात बघितलं तर सुनंदा! बुधवारी! हातात पिशवी, साडीला एस्टीची धूळ. मी आतून बटण दाबलं, डिकी वर गेली आणि ही बाई पदर खोचून आत आली, मागच्या सीटवरून वाकून पुढे, माझ्या शेजारी. डबा उघडला. कडक भाकरी आणि वांग्याची भाजी.

"सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय म्हणे. इरक्का म्हणाली फोनवर."

मी घाईघाईनं मोठा घास घेतला. भूक लागली होती म्हणून, असं समजा.

ती सीटवरच्या मोरावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "रोज चारशे किलोमीटर तुमच्यानं होणार हाय काय ओ? चार दिवसांत झोपून जाल स्टिअरिंगवर."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"तुमी म्हणालात ना, रोज येणार म्हणून. ते ऐकायला बरं वाटत होतं. नऊ वर्षांत कुणी म्हणालं न्हवतं तसं."

बाहेर रफिक चाकांमधली हवा सोडत होता, इरक्का सगळ्यांना कामं सांगत होती आणि आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत भाकरी खात होतो. खरं सांगतो, त्या गाडीतला माझा सगळ्यात चांगला प्रवास तोच. एक इंचसुद्धा हललो नव्हतो.

साबणाच्या पाण्यावरून गाडी मागे घसरत निघाली. एका बाजूचा रंग ओट्यावर राहिला, तो अजून आहे. इरक्का पुसू देत नाही.

आता पेच आला, गाडी ठेवायची कुठं? बोळात येत नाही. भाड्यानं जागा मिळाली ती इतकी लांब, की गाडीपर्यंत जायला रिक्षा लागायची. शेवटी सुनंदाच म्हणाली, "माझ्या खोलीपुढं एवढं अंगण पडलंय. ऱ्हाऊ दे तिकडं, जागा मिळेस्तवर."

गाडी वेळापूरला गेली. जागा अजून मिळालेली नाही. दरम्यान बाई गाडी शिकल्या! खोलीपासून शाळा आठ किलोमीटर. रोज जाते, रोज येते. शाळेतल्या बाकीच्या सहाजणींना वाटेत सोडते. इकडे आणली तर ठेवायची कुठं, म्हणून शनिवारी आता मीच तिकडे जातो.

काल बुधवार होता. रात्री जेवायला बसलो आणि तिचा फोटो आला. कुठल्या तरी माळावर सूर्य मावळतोय, गाडी उभी, ही बोनेटला टेकून हुरडा खातेय. खाली लिहिलेलं, 'ही लई गुणी हाय ओ. हिच्यामुळं संध्याकाळ कशी जाते कळत न्हाय. जेवलात का?'

लोक गाडी घेतात आणि बायकोला फिरवतात. मी पहिला असेन, ज्यानं सव्वादोनशे घोडे घेतले, तीन आठवडे दुरुस्त केले, मोराची कव्हरं शिवली, आणि ज्याला आता बुधवारी एकीऐवजी दोघींच्या आठवणीनं घास गिळवत नाही.