मागची रांग

तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एखादा पाहुणा धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो का हो? मग तुमचा फोटोग्राफर माझ्यासारखाच नवखा असणार! पंचवटीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत असे किस्से फोटोंपेक्षा जास्त साठलेत.

पहिला माझाच. एका साखरपुड्याला ह्यांनी हौसेने माझ्या हाती कॅमेरा दिला. मागचं सगळं छान ब्लर यावं म्हणून मी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं. नवरी सुरेख आली. नवरदेव अर्धं पाऊल मागे होता, तो गेला धुरात! नवरीचे वडील म्हणाले, "ताई, जावई पसंत नाही का तुम्हाला?"

हे म्हणाले, "तू आपली आत बसून पासपोर्ट फोटोच काढ." बाहेरच्या ऑर्डरी बंद. मला ते फार लागलं.

*

मी गच्चीवर सराव सुरू केला. कठड्यावर सात लिंबं एकामागे एक मांडली. छिद्र मोठं, तर एकच लिंबू स्पष्ट. बारीक करत गेले, तसं एकेक लिंबू स्पष्ट होत गेलं. "सातही आली!" मी ओरडले.

शेजारच्या मंदाताईंनी खिडकीच लावून घेतली. संध्याकाळी ह्यांना हळूच विचारलं, "भाऊ, वहिनी कुणावर करणी करतायत?"

*

एक फुलशेतीवाले दादा फोटोसाठी गुलाब घेऊन स्टुडिओतच आले. छिद्र बारीक, तरी एकच पाकळी स्पष्ट! कारण मी फुलाला नाक लावून उभी. दादा म्हणाले, "ताई, आख्खं फूल इकायचंय, पाकळी नाय!" चार पावलं मागे सरले, फूल देठासकट आलं.

*

त्र्यंबकेश्वरला मी नुसती सामान उचलायला गेले होते, तिथे मात्र हे चुकले. लांबून झूम लावून जोडप्याचा फोटो काढला, मागचं देऊळ विरघळलं. नवरी चिडली, "हे त्र्यंबक कशावरून? सासूबाई म्हणतील, गल्लीतच काढलाय!" मी गुपचूप वाइड लेन्स पुढे केली. जोडपं आलं, कळसही आला!

*

मग गोदाकाठच्या सायखेड्याहून एका मोठ्या कुटुंबाच्या फोटोची ऑर्डर आली नि नेमकी ह्यांची पाठ धरली. "जा एकटी. पण मागची रांग गेली, तर पुन्हा पासपोर्टच!"

अंगणात चाळीस माणसं, चार रांगा, पुढे मधोमध आजी. त्यांचा थोरला मुलगा मागच्याच घरात राहतो, पण भावांशी बोलणं बंद. त्याला बोलावलंच नव्हतं. मी वाइड लेन्स लावली, छिद्र बारीक केलं, मागे सरत सरत गोठ्यापर्यंत गेले आणि दुसऱ्या रांगेवर फोकस धरला.

"ताई, आता नदीत जाता का?" कुणीतरी ओरडलं.

स्क्रीन आजींना दाखवली. मागच्या रांगेतल्या मिश्यासुद्धा मोजता येत होत्या! आजी बघतच राहिल्या. मग रांगेच्याही मागे, त्या घराच्या दारात उभ्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं आणि मान वळवून मोठ्यांदा म्हणाल्या, "थोरल्या, तू बी आलास रं! लय साफ आलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थोरला स्टुडिओत आला, त्या फोटोची एक प्रत मागितली आणि लेकीच्या लग्नाची तारीख सांगून ह्यांना म्हणाला, "फोटोला ताईच पाहिजेत."