भिंतीपलीकडचं बटण

लाकूड कातणाऱ्या कातारीच्या लेथला थांबवायची बटणं दोन होती. एक मशीनवर, लालभडक आणि बिनकामाचं. दुसरं भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, आणि ते म्हणजे त्याची बायको.

लाल बटण अकरा वर्षांपूर्वी झिजलं. दाबलं की आत जायचं आणि आतच विचार करत बसायचं. मशीन आपलं गरगरतंय. तेव्हा कातारीने शक्कल लढवली. घराचा मेन स्विच भिंतीपलीकडे, ओट्याच्या वर. त्याने लाकडी हातोडीने भिंतीवर दोनदा ठोकायचं, तिने खटका खाली ओढायचा. लेथ थांबायचा. पंखा, मिक्सर आणि टीव्हीही थांबायचा. कुठल्याच मालिकेतला खुनी तिला आजवर कळला नव्हता. "उद्या बघतो त्या बटणाकडे," असं तो दर आठवड्याला अगदी मनापासून म्हणायचा.

मग लेक बाळंत झाली. मुलगी झाली, महिनाभर ये, असा फोन आला. बायकोने बॅग भरली आणि ती कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी गेल्यावर तुमची ठकठक कोण ऐकणार?"

"अगं, चाळीस वर्षं काढलीत या लेथवर."

"माहितीये. म्हणूनच सांगते, ते बटण नीट होईपर्यंत मी हलायची नाही."

खरं सांगायचं तर तिने हलू नये असंच त्याला वाटत होतं. पण दिवसातून दहा वेळा ती फोनमधला नातीचा फोटो बोटांनी मोठा करून बघायची. ते बघवेना, तेव्हा तो कामाला लागला.

आता कातारीच तो. बिघाड कसलाही असो, याचं औषध लाकूड. दोन दिवस खपून त्याने शिसवीच्या तुकड्यातून नवं बटण कातलं. गुळगुळीत, गोलमटोल, कडेला दोन नाजूक रेघा, वर पॉलिश. जुन्या बटणाची टोपी काढून हे बसवलं आणि बायकोला ऐटीत बोलावलं. तिने दाबलं. लेथ फिरतच राहिला.

"देखणं झालंय हो," ती म्हणाली. "थांबवत तेवढं नाही."

तो फणकारला. मग मेन स्विच बंद करायला लावून त्याने पहिल्यांदाच बटणाची डबी उघडली. आत भुसा ठासून भरलेला, स्प्रिंग मऊ पडलेली, पितळी टोकं जळून काळी ठिक्कर. दुकानातून नवा स्विच आणून बसवायला तासभर लागला. अकरा वर्षांत हा एक तास त्याला सापडला नव्हता. दोन्ही हात पटाशीवर गुंतलेले असतात, म्हणून स्विच त्याने गुडघ्याच्या उंचीवर बसवला.

मेन स्विच वर करून बायको पुन्हा पिठात हात घालून बसली होती. कातारीने लेथ सुरू केला, लाकूड चांगलं फिरू दिलं आणि गुडघ्याने स्विच दाबला. लेथ खटकन थांबला.

पलीकडे भांडं पडलं. बायको पिठाच्या हातांनी धावत आली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? हात दाखवा आधी!"

"काही नाही गं. बटण चालतंय."

वीज गेली तर गोष्ट वेगळी, पण अकरा वर्षांत तिने खटका ओढल्याशिवाय तो लेथ थांबला नव्हता. ती तिथल्याच स्टुलावर बसली. त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिल्यावर म्हणाली, "हे मशीन चालू असताना मी कधी शेजारणीकडेसुद्धा गेले नाही. तुम्हाला माहीत होतं?"

त्याला माहीत नव्हतं. 'आमच्या हिला घर सोडवत नाही,' असं तो चारचौघांत कौतुकाने सांगत आला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना शिसवीचं बटण मागून घेतलं, नातीला खेळायला. संध्याकाळी त्याने गुडघ्याने लेथ थांबवला आणि फोन लावला.

"बंद केला बरं का."

"बोटं?"

"दहा."

"मोजून सांगा."

त्याने मोजली. "दहाच आहेत. तू परत कधी येणार?"

"थांबा हो, इथे बाळाच्या हातापायांची वीस आहेत. माझी अजून मोजून व्हायचीत."

फोन ठेवून त्याने हातोडी उचलली आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडे पंखा फिरतच राहिला.