मानाची हलगी

"पँट घातली म्हणून हात झडलं व्हय रं?"

तात्यांनी हलगी आप्पांच्या मांडीवर फेकली. देवळापुढं. भर जत्रेत. आप्पा म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात नुकतेच लागलेले, अंगावर नवा खाकी ड्रेस. तात्या गावचे मोठे बागायतदार. निम्मं गाव त्यांच्याच उसात कामाला.

आज्यानं धम्म घेतला तेव्हाच घरातली हलगी चुलीत घातली होती. म्हणजे ही दुसरीकडून मागवलेली. खास आमच्यासाठी. केवढी काळजी!

आप्पांनी चारी बाजूंना बघितलं. मग वाजवली. मी दुसरीत होतो, त्यांची पँट धरून उभा. माझी चड्डी ओली झाली. लोक हसले. आप्पांना की मला, ते अजून ठरत नाही.

पुढं दिवस पालटले. बँड आला, आम्ही सुटलो. डीजे आला, बँडवाले सुटले. मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कंपनीला चिकटलो, मोटरसायकल घेतली. भीती तेवढी जुन्याच मॉडेलची राहिली, असं बायको म्हणते. तात्यांची जीप दिसली की माझी गाडी अजून आपोआप कडेला जाते. आप्पा गेले. तात्या आहेत.

मग डीजेवर बंदी आली अन् हलगीला भाव आला. माझी पोरगी कॉलेजच्या पथकात हलगी शिकली. जयंतीला वाजवली, तो व्हिडिओ गावभर फिरला.

मागल्या महिन्यात जीप दारात आली. तात्या उतरले नाहीत.

"नातवाची वरात इंदापूरला न्ह्यायचीय. पोरीला पाठव. मानाची हलगी तुमच्याच घरची. तुझ्या बापानं काय वाजवलीवती!"

पोरगी आतून बघत होती.

"न्हाय, तात्या."

आवाज इतका बारीक निघाला, की मला वाटलं मागं दुसरंच कुणीतरी बोललं.

"काय म्हनलास?"

"वाजवती ती. तिच्या मनानं. तुमच्या वरातीत न्हाय."

तात्या अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शेतात कुठनं जाता रं तुमी?"

"तुमच्या बांधावरनं."

जीप गेली. मी उंबऱ्यावरच बसलो. चड्डी मात्र कोरडी. तेवढी प्रगती.

सकाळी बांधावर बाभळीचे काटे पडले होते. आता वैरणीचा भारा ओढ्यातून, लांबच्या वळशानं आणतो. वाटेसाठी तहसीलला अर्ज केलाय. सही इतकी वेडीवाकडी आली, की ती माझीच आहे का असं तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं.

भीती गेली नाही. गाडीवर मागं बसून येते रोज, कंपनीपर्यंत. येऊ दे. ओढ्याला पूर आला तर कमरेएवढ्या पाण्यातून जाईन. पण आप्पांच्या मांडीवर पडली तशी हलगी माझ्या पोरीच्या मांडीवर पडणार नाही. मी जिता असताना नाही. मी गेल्यावर तर ती स्वतःच पडू देणार नाही.