आंबट पाण्यात विरघळलेलं दूध

...हं, तर आमच्या सूनबाईच्या भांड्यात गुठळ्या झाल्या, इथवर काल आलो होतो. ती दुधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. दुधातलं प्रथिन आंबट पाण्यात फुटून तळाशी बसतं. त्याला एक रसायन जोडलं, की ते थोड्याफार आंबट पाण्यातही विरघळतं. पण पोरीने घाईघाईत रसायनाची सगळी पूड एकदम ओतली. ती पूड पाण्यात पडली की आंबटपणा वाढतो, मग काय, भांड्यातच दूध फाटलं. साहेब म्हणाले, "उद्या जमलं नाही, तर हे काम बंद."

घरी तिला घास गिळवेना. मी म्हटलं, "दुधाला फाटू नकोस म्हणून दटावून बघ."

"दटावलं असतं हो, पण ते तुमच्यासारखंच हट्टी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने चिमूट चिमूट पूड टाकली आणि दर चिमटीला अल्काचे थेंब सोडून आंबटपणा मारला. मग ते प्रथिन वाळवून आंबट पाण्यात ढवळलं. दुपारी तिचा फोन आला. आवाजावरूनच माझा जीव भांड्यात पडला. विचारलं, "मग आणतेस का पेलाभर, सासऱ्यासाठी?"

ती म्हणाली, "आबा, ते अजून प्यायचं नाही, तपासण्या बाकी आहेत. पण एकसुद्धा गुठळी नाही झाली, आता मला आधी पोटभर जेवू द्या."